जन्मसालाचं गाणं : 'वर्षातलं सगळ्यात मोठं हिट' ठरवतात तरी कसं?

मेथीदाणा

घरातल्या सगळ्यांसाठी एक खेळ बसवतेय. ज्याच्या त्याच्या जन्मसालात अमेरिकेत सगळ्यात जास्त गाजलेलं पॉप गाणं वाजवायचं आणि बाकीच्यांनी ते कुणाचं साल हे ओळखायचं. मला वाटलं, बिलबोर्डची (गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या काढणारं अमेरिकेतलं संगीत-नियतकालिक) वार्षिक यादी उघडायची, प्रत्येक वर्षाचं पहिलं गाणं उचलायचं, झालं काम. कसलं काय!

बाबा १९६५ चे. यादी म्हणते 'वुली बुली', गाणारे सॅम द शॅम अँड द फॅरोज. बाबांचं तोंड असं उतरलं की विचारू नका. "त्या वर्षी रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आलं आणि माझ्या वाट्याला हे बुली?" म्हणून खोदून पाहिलं, तर हे गाणं आठवड्याच्या यादीत पहिल्या नंबरावर एकदासुद्धा गेलेलं नाही. दुसऱ्यावरच थांबलं. मग वर्षात पहिलं कुठून आलं?

आत्या १९६२ ची. तिला 'स्ट्रेंजर ऑन द शोअर', म्हणजे नुसतं क्लॅरिनेट. ती विचारतेय, यात मी गुणगुणू काय? दादा १९७७ चा, त्याला रॉड स्टुअर्टचं 'टुनाइट्स द नाइट', पण ते तर १९७६ मध्येच पहिलं झालं होतं. भाची २०२१ ची, तिचं 'लेव्हिटेटिंग', तेही कधी पहिलं आलेलं नाही. आई १९६९, 'शुगर, शुगर', तिला चाललं. मावसभाऊ १९८४, प्रिन्सचं 'व्हेन डव्ज क्राय', तो कॉलर ताठ करून फिरतोय. मी स्वतः १९९६, म्हणजे 'माकारेना'. त्यावर चर्चा नको.

यादीतच घोळ आहे की मलाच काही कळत नाहीये? जाणकारांनी सांगा, नाहीतर खेळ सुरू व्हायच्या आधीच भांडणं होणार आहेत.

ठेका

यादी सोडून द्या. त्या वर्षात जे गाणं सगळ्यात जास्त आठवडे एक नंबरला होतं ते घ्या. सरळ हिशोब. बाबाही खूश.

खरखर

ठेकाशेठ, हिशोब सरळ आहे, पण उत्तर सरळ येत नाही. १९६५ च घ्या. 'सॅटिस्फॅक्शन' चार आठवडे पहिलं होतं आणि बीटल्सचं 'यस्टरडे'ही चारच आठवडे. आता बाबांना कुठलं देणार?

मेथीदाणाताई, तुमच्या यादीत घोळ नाही. बिलबोर्डची 'हॉट १००' ही दर आठवड्याची यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून निघते, आणि वर्षाची यादी त्याच आठवड्यांची बेरीज असते. जुन्या काळी ढोबळमानाने पद्धत अशी होती, की गाणं ज्या आठवड्यात ज्या क्रमांकावर असेल त्याप्रमाणे त्याला गुण द्यायचे आणि वर्षाअखेर सगळ्यांची बेरीज करायची. एका डावात शतक ठोकलं म्हणून मोसमातल्या सर्वाधिक धावा आपल्या नावावर लागत नाहीत, त्यातलाच प्रकार. 'वुली बुली' त्या वर्षी १८ आठवडे यादीत होतं. १९६५ मध्ये त्याच्याइतकं चिवट दुसरं गाणं नव्हतं. 'सॅटिस्फॅक्शन' त्या वार्षिक यादीत तिसरं आहे, त्यामुळे बाबांना अगदीच पोरकं वाटायला नको.

माझं स्वतःचं मत विचाराल तर 'वुली बुली' हे बाबांच्या रुसव्यापेक्षा पुष्कळ बरं गाणं आहे. सुरुवातीला सॅम इंग्रजी आणि स्पॅनिश मिसळून "एक, दोन" मोजतो, ते मोजणंच इतकं झिंगलेलं आहे की पुढे काय म्हणतो याने काही फरक पडत नाही. एकदा मोठ्या आवाजात लावून बघा आणि बाबांच्या पायाकडे लक्ष ठेवा.

आत्याबाईंचं प्रकरण याच्या उलटं दिसतं, पण आहे तेच. 'स्ट्रेंजर ऑन द शोअर' हे इंग्लंडच्या अ‍ॅकर बिल्कचं. अमेरिकेत ते पहिल्या नंबरावर जेमतेम एक आठवडा होतं. त्याच वर्षी रे चार्ल्सचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' पाच आठवडे पहिलं होतं, तरी वर्षाच्या बेरजेत ते दुसरं आलं. आणि शब्द नसलेली धून वर्षात पहिली येण्याची तेव्हा नवलाई नव्हती. दोनच वर्षं आधी, १९६० मध्ये, पर्सी फेथच्या वाद्यवृंदाची 'थीम फ्रॉम अ समर प्लेस' पहिली आली होती, तीही बिनशब्दांची. बिल्कचं क्लॅरिनेट नीट ऐका. तो वरच्या पट्टीत चमकायला जातच नाही, खालच्या सुरांत रेंगाळतो, फुंकरीचा आवाज सुरात मिसळू देतो आणि शेवटी सूर थरथरवून सोडतो. आत्या गुणगुणू शकतील, शब्द नाहीत तेच बरं, विसरायची भीती नाही.

दादाचं १९७७ मात्र मजेशीर आहे, त्यावर जरा बोलतो.

बिलबोर्डचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. वार्षिक अंक डिसेंबरात छापायचा, म्हणजे खातं त्याच्या आधी बंद करावं लागतं. साधारण नोव्हेंबरच्या आसपास एक वर्ष मिटतं आणि दुसरं उघडतं. 'टुनाइट्स द नाइट' १३ नोव्हेंबर १९७६ ला पहिलं झालं आणि आठ आठवडे तिथे राहिलं. त्यातला शेवटचा आठवडा १ जानेवारी १९७७ चा. म्हणजे कॅलेंडरच्या १९७७ मध्ये ते फक्त त्या एका आठवड्याच्या यादीत पहिलं आहे, आणि तरी १९७७ चं सगळ्यात मोठं गाणं तेच. आता दुसरी बाजू बघा. डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' ऑक्टोबर ते डिसेंबर १९७७ असं सलग दहा आठवडे पहिलं होतं. दहाचे दहा आठवडे १९७७ मधले. तोवर 'हॉट १००' मध्ये एवढे आठवडे कुणी काढलेच नव्हते. ते कुठे सापडतं? १९७८ च्या यादीत, तिसऱ्या क्रमांकावर. खातं बंद झाल्यावर आलं, बिचारं पुढच्या वर्षी जमा झालं आणि तिथे अँडी गिबच्या 'शॅडो डान्सिंग'ने त्याला मागे टाकलं.

असे प्रकार सारखे होतात. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' नोव्हेंबर १९८१ मध्ये वर गेलं, जमा १९८२ मध्ये. व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' नोव्हेंबर १९९२ मध्ये, जमा १९९३. सांतानाचं 'स्मूद' बारा आठवडे पहिलं होतं, पण नेमकं १९९९ आणि २००० च्या बेचक्यात सापडलं आणि २००० मध्ये दुसरं आलं. म्हणून ज्यांचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरात आहे त्यांना पुढच्या वर्षाचं गाणं देऊन टाका, माझी हरकत नाही.

जांभूळपाखरू

खरखरकाका, तुम्ही हे सगळं पाठ केलंय का हो? १९९६ ला 'माकारेना' कसं आलं ते सांगा की. मेथीदाणाला चर्चा नकोय, पण आम्हाला हवीय.

खरखर

पाठ नाही, एक्सेल आहे. त्याच्या आधी वही होती. घरच्यांना दोन्ही आवडत नाहीत.

'माकारेना' समजून घ्यायचं तर १९९१ ला थांबावं लागेल. त्या नोव्हेंबरपर्यंत बिलबोर्डचा माणूस दुकानांना आणि रेडिओ स्टेशनांना विचारायचा, "या आठवड्यात काय चाललंय?" आणि ते आपापली क्रमवारी सांगायचे. खरा आकडा कुणाकडेच नव्हता. दुकानदाराला नवीन माल खपवायचा असायचा, त्यामुळे जुनं गाणं मनातल्या मनात खाली सरकायचं. मग दुकानातल्या काउंटरवर बारकोड वाचून विक्रीचा खरा आकडा यायला लागला, आणि रेडिओवर काय वाजतंय हे यंत्र ऐकून नोंदवायला लागलं. कळलं काय, तर लोक एखाद्या गाण्याला आपल्याला वाटत होतं त्याच्यापेक्षा फार जास्त दिवस धरून बसतात. 'हॉट १००' मध्ये त्याआधी दहा आठवड्यांच्या पुढे कुणी पहिलं राहिलं नव्हतं. १९९२ मध्ये बॉइझ टू मेनचं 'एंड ऑफ द रोड' तेरा आठवडे, लगेच व्हिटनी चौदा, आणि १९९५-९६ मध्ये मराया कॅरीचं आणि बॉइझ टू मेनचं 'वन स्वीट डे' सोळा. गाणी अचानक थोर झाली नव्हती, मोजमाप बदललं होतं.

'माकारेना' हे त्या नव्या मोजमापाचं लेकरू. लोस देल रिओ हे स्पेनचे दोन मध्यमवयीन गृहस्थ. गाजली ती बेसाइड बॉइझनी त्यांच्या गाण्यावर केलेली रीमिक्स. ती यादीत आली, रेंगाळली, आणि ३३ व्या आठवड्यात कुठे पहिली झाली. मग चौदा आठवडे हललीच नाही. एकूण ६० आठवडे यादीत. 'वन स्वीट डे'चे सोळा आठवडे असूनही ते वर्षात दुसरं आलं. तेव्हा मेथीदाणाताई, तुमचं गाणं नाचासाठी लाजिरवाणं असेल, पण कष्टाने वर आलेलं आहे.

ठेका

म्हणजे जो जास्त दिवस दारात बसून राहतो तो जिंकतो. मग हे 'सगळ्यात मोठं' कसं? 'सगळ्यात जास्त कंटाळवाणं' म्हणा. २००० चं फेथ हिलचं 'ब्रीद' आज कुणाला आठवतंय?

खरखर

'ब्रीद'बद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. तेही कधी पहिलं झालं नाही, दुसऱ्यावरच अडलं. पुढच्या वर्षी लाइफहाउसचं 'हँगिंग बाय अ मोमेंट', पुन्हा तेच. लागोपाठ दोन वर्षं, वर्षाचा राजा आठवड्याच्या गादीवर न बसलेला. त्याचं कारण रेडिओ. १९९८ च्या डिसेंबरपर्यंत नियम असा होता, की ज्या गाण्याची सुटी सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड, दुकानात विकायला नाही ते 'हॉट १००' मध्ये येऊच शकत नाही. कंपन्या हुशार. सिंगल काढायचीच नाही, म्हणजे लोक अख्खा अल्बम घेतात. त्यामुळे नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं असूनही 'हॉट १००' मध्ये त्याचं नावच नाही. गू गू डॉल्सचं 'आयरिस' रेडिओवर अठरा आठवडे पहिलं, आणि नियम बदलेपर्यंत भर ओसरलेला. त्या दोन-तीन वर्षांच्या यादीवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. १९९७ किंवा १९९८ चं कुणी असेल तर खुशाल आपल्या मर्जीने गाणं निवडा.

नियम बदलल्यावर मग रेडिओचंच वजन पडायला लागलं, आणि रेडिओला सगळ्यांना चालतील अशी, कुणाच्या कपाळावर आठी न आणणारी गाणी आवडतात. 'ब्रीद' त्यातलं. पुढे २००५ पासून डाउनलोड धरले, २०१३ मध्ये यूट्यूब धरलं आणि त्याच आठवड्यात 'हार्लेम शेक' थेट पहिल्या नंबरावर आलं. दर वेळी मोजपट्टी बदलते आणि दर वेळी वेगळ्या जातीचं गाणं वर येतं.

पण 'आठवडे मोजा' हा तुमचा नियम भाचीला लावून बघा. २०२१ मध्ये सगळ्यात जास्त आठवडे पहिलं होतं बीटीएसचं 'बटर', दहा आठवडे. चाहत्यांनी पैसे मोजून डाउनलोड केलं, पुन्हा पुन्हा केलं. वर्षाच्या यादीत ते पहिल्या दहातही नाही. 'लेव्हिटेटिंग' दुसऱ्यापर्यंतच गेलं, पण ४१ आठवडे पहिल्या दहात होतं. त्या वर्षी कान असलेल्या माणसाला कुठलं जास्त ऐकू आलं असेल? आणि आता तर फोनमध्ये गाणं एकदा गेलं की निघत नाही. ग्लास अ‍ॅनिमल्सचं 'हीट वेव्ज' २०२० चं, पहिलं झालं ५९ व्या आठवड्यात, वर्षाचं पहिलं २०२२ मध्ये.

आणि तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. चबी चेकरचं 'द ट्विस्ट' १९६० मध्ये पहिलं झालं, खाली गेलं, आणि १९६२ मध्ये पुन्हा पहिलं झालं. बिलबोर्डने नंतर 'हॉट १००' च्या सबंध इतिहासातली सगळ्यात मोठी गाणी काढली तेव्हा कितीतरी वर्षं 'द ट्विस्ट'च पहिलं होतं, २०२१ मध्ये 'ब्लाइंडिंग लाइट्स'ने त्याला हटवलं. पण वर्षाच्या यादीत? १९६० पर्सी फेथने नेलं, १९६२ आत्याच्या क्लॅरिनेटने.

निवांत

सगळे अमेरिकेतच का अडकलात? ब्रिटनमध्ये वर्षाचं सगळ्यात मोठं गाणं म्हणजे पुष्कळ काळ साधा अर्थ होता, सगळ्यात जास्त खपलेली सिंगल. गुण नाहीत, रेडिओ नाही. तिथे १९८४ बघा. 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' डिसेंबरच्या सुरुवातीला दुकानात आलं आणि महिन्याभरात अख्ख्या वर्षाची सगळ्यात जास्त खपलेली सिंगल ठरलं. बिलबोर्डच्या पद्धतीत हे शक्यच नाही, खातं आधीच बंद. आणि २००० मध्ये ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त काय खपलं असेल? 'कॅन वी फिक्स इट?' म्हणजे लहान मुलांच्या मालिकेतला बॉब द बिल्डर. ठेका, घ्या आता 'ब्रीद'.

ठेका

शरण.

जांभूळपाखरू

बॉब द बिल्डर ऐकून मेथीदाणाच्या आईचं आठवलं. 'शुगर, शुगर' म्हणजे आर्चीच्या कॉमिक्समधलंच ना? म्हणजे चित्रातल्या पोरांचा बँड?

खरखर

तोच. आर्ची, जगहेड, बेट्टी, व्हेरॉनिका, सगळे कागदावरचे. गायला रॉन डान्टे नावाचा स्टुडिओतला गायक. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष, वुडस्टॉकला चिखलात लाखो लोक बसले ते वर्ष, आणि १९६९ चं सगळ्यात मोठं गाणं अस्तित्वातच नसलेल्या बँडचं! 'अ‍ॅक्वेरियस/लेट द सनशाइन इन' सहा आठवडे पहिलं होतं, 'शुगर, शुगर' चार, तरी वर्षात हे पहिलं. आईंची निवड चांगली आहे. ते गाणं पाडलेलं असेल, पण पाडणाऱ्याला काम येत होतं.

मावसभाऊ कॉलर ताठ करतोय त्यालाही खेळात एक अवघड प्रश्न टाका. 'व्हेन डव्ज क्राय' पूर्ण ऐकवा आणि विचारा, यात काय नाही? उत्तर आहे बास गिटार. प्रिन्सने सगळी वाद्यं स्वतः वाजवली, बासचा तुकडाही केला होता, आणि मग तो काढून टाकला. नाचाच्या गाण्यातून बास काढायचा म्हणजे धाडसच. सुरुवातीची गिटारची आरोळी संपली की ड्रम मशीन एकटंच ठोकत राहतं, खाली काहीच नाही, आणि त्या रिकामपणावर तो गातो. एकदा सांगितलं की मग ऐकू येत राहतं, त्याआधी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मेथीदाणा

सगळ्यांचे आभार! बाबांना 'वुली बुली' मोठ्या आवाजात लावून दाखवलं. पाय हलत होता. विचारलं तर म्हणाले, डास होता.

वार्षिक यादीच ठेवते, फक्त नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांना सूट. एकच अडलंय. काका १९६३ चे. एका ठिकाणी बीच बॉइझचं 'सर्फिन यू.एस.ए.' लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी जिमी गिल्मर आणि फायरबॉल्सचं 'शुगर शॅक'. दोन्हीकडे खाली बिलबोर्डचंच नाव. आता काय?

खरखर

दोन्ही बरोबर. त्या वर्षी छापली तेव्हा यादीत 'सर्फिन यू.एस.ए.' पहिलं होतं, आणि तेही आठवड्याच्या यादीत तिसऱ्याच्या वर कधी गेलं नव्हतं. 'शुगर शॅक' पाच आठवडे पहिलं होतं, पण वर्षाच्या शेवटी शेवटी, त्यामुळे खात्यात पुरतं आलं नाही. पुढे बिलबोर्डने स्वतःच जुन्या याद्या पुन्हा छापताना १९६३ ला 'शुगर शॅक' लावलं.

काकांना बीच बॉइझ द्या. फक्त चाल ऐकून कुणी "हे तर चक बेरीचं 'स्वीट लिटल सिक्स्टीन'!" असं ओरडलं तर त्यालाही गुण द्यावे लागतील, कारण चाल त्याचीच आहे. आणि काका हट्टाला पेटले तर दोन्ही वाजवा. दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या आत संपतात.